अंडं चालत नाही

७ जानेवारी २०२६, बुधवार

लस मिळाली नाही!

सकाळी सहाला उठलो. धुकं इतकं की कॅबवाला यायलाच तयार नाही. शेवटी स्वतः गाडी काढली. मोहालीहून लसकेंद्रापर्यंत एरवी वीस मिनिटांचा रस्ता, आज पन्नास लागली. पीतज्वराची लस आठवड्यात एकदाच देतात, बुधवारी. एका कुपीत दहा जणांची लस, आणि ती फोडली की ठेवता येत नाही, म्हणून दहा जण जमेपर्यंत थांबतात. सरोज नववी होती. मला ती लस देतच नाहीत – माझ्या स्नायूंच्या दुखण्यावर ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यावर जिवंत विषाणूची लस म्हणजे आगीशी खेळ. तेव्हा युगांडाला लेकीकडे सरोज एकटीच जाणार. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

नर्स पोरसवदा. हरलीन नाव, छातीवरच्या पट्टीवर वाचलं. फॉर्म हातात घेऊन एकेक विचारत होती. बुखार? कोई दवाई? ऑपरेशन? मी पटापट सांगत होतो. मग तिने विचारलं, "अंडे से परहेज़?" मी म्हणालो, "हाँ जी, इनको अंडा नहीं चलता." झालं! बाईने लाल पेनाने काहीतरी खरडलं, आत गेली, आणि पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर. म्हणे ही लस अंड्यात वाढवतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल त्याला टोचता येत नाही. मी म्हटलं, अहो अ‍ॅलर्जी कसली, आम्ही शाकाहारी माणसं! तर म्हणतात, "सर, अब तो लिखा गया है. अ‍ॅलर्जी वाले डॉक्टर का लेटर ले आइए."

आमच्याकडे "चालत नाही" म्हणजे खात नाही. चातुर्मासात कांदा चालत नाही, उपासाला हळद चालत नाही. त्यात जिवाला धोका कुठे आला? पण या मुलीला वाटलं, अंगावर गांधी उठतात! मी चौतीस वर्षं इथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवलं, माझं हिंदी कुणाला कळलं नाही असं झालं नाही. परतताना गाडीत सरोजला हेच समजावत आलो. ती बाहेर बघत होती. सिग्नलला एवढंच म्हणाली, "मग एकोणीसचं तिकीट?"

तिकीट रद्द. लस टोचल्यावर दहा दिवसांनी लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागू होतं, तोवर व्हिसासुद्धा देत नाहीत. आज लस मिळाली असती तर सतराला मोकळी.

८ जानेवारी

ईश्वरीचा व्हिडिओ कॉल. पाय दाखवले – घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतोय. आठवा महिना. ब्लडप्रेशर "थोडंसं जास्त" आहे म्हणाली. सोळा फेब्रुवारीची तारीख दिलीय.

दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात मूल गेलं तिचं. तिथेच, कंपालात. माझं दुखणं तेव्हा ऐन भरात होतं, पापण्या उचलत नव्हत्या, सरोजला मला सोडून जाता आलं नाही. पोरीने सगळं आटोपल्यावर फोन केला होता. "आई, मैं ठीक हूँ. बिलकुल ठीक हूँ." तेव्हा सरोज म्हणाली होती, ही हिंदीत बोलतेय म्हणजे ठीक नाही. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणी सगळ्या पंजाबी. पण आमच्याशी ती मराठीतच बोलते. लपवायचं असलं की हिंदी.

म्हणून या वेळी सरोजचं ठरलं होतं – महिनाभर आधी जायचं. काहीही झालं तरी.

लसीच्या गोंधळाचा किस्सा मी ईश्वरीला रंगवून सांगितला. नर्सची नक्कल केली. खूप हसली. "बाबा, यू आर टू मच यार!" जावई अपूर्व पण मागून हसला. तो तिथे सौर दिव्यांच्या कंपनीत आहे, निम्मा महिना गावोगाव फिरतीवर. सरोज स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मेथ्या भिजत घालत होती, बाळंतिणीच्या लाडवांच्या.

१० जानेवारी

तक्रार केली. लेखी! लसकेंद्राच्या प्रमुखांच्या नावे, इंग्रजीत, दीड पान. नर्सच्या नावानिशी. रुग्णाचं म्हणणं समजून न घेता शेरा मारणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, त्यामुळे एका गरोदर मुलीला आईच्या आधाराला मुकावं लागतंय, वगैरे. मजकूर चांगला उतरलाय. सरोजला वाचून दाखवला, मराठी करून.

ती म्हणाली, "त्या मुलीचं नाव कशाला घालता?"

"मग कुणाचं घालू?"

ती मटार सोलायला बसली.

११ जानेवारी

धुकं. सूर्य दिसलाच नाही. ईश्वरीचं प्रेशर दीडशे-शंभर.

१३ जानेवारी

आज लोहडी. सोसायटीच्या खालच्या मैदानात शेकोटी, ढोल, रेवड्या, शेंगदाणे. शेजारच्या गिल साहेबांनी हाताला धरून नेलं. मी त्यांनाही अंड्याचा किस्सा सांगितला. सगळे हसले. एकजण म्हणाला, "प्रोफेसर साब, भाभी जी को एक आमलेट खिला दो, मसला ख़त्म!"

एक काम झालं. मोठ्या हॉस्पिटलात अ‍ॅलर्जीच्या विभागात डॉ. आश्लेषा म्हणून आहे, मूळची कोल्हापूरची. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सरोजची ओळख झाली होती. सरोजने स्वतः फोन केला – मला न सांगता! पंधराची वेळ मिळाली. म्हणजे उद्याचा बुधवार हुकला. लस एकवीसला.

बॅग भरून तयार आहे. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, बाळंतशोप, ओवा, वेखंड, सरोजच्या आईच्या मऊ झालेल्या लुगड्यांची सहा दुपटी. ताणकाट्यावर दोनदा वजन केलं. बावीस किलो.

१५ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

डॉ. आश्लेषा तिशीतली, चटपटीत. "या काका, या काकू." सरोजच्या हाताच्या आतल्या बाजूला थेंब टाकून सुईने टोचे मारले. वीस मिनिटं थांबलो. काही नाही. ना लाली, ना खाज. मी म्हटलं, बघा! आता द्या लेटर.

ती लसकेंद्राचा कागद वाचत होती. मला म्हणाली, "काका, इथे लिहिलंय की अंडं खाल्लं तर रुग्ण वाचणार नाही, असं पतीने सांगितलं. असं कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "छे! त्या नर्सने काहीतरी भलतंच ऐकलं असणार."

सरोज शेजारच्याच खुर्चीवर होती. हातावरचे टोचे बघत होती.

आश्लेषा म्हणाली, जीवघेणा त्रास असं एकदा कागदावर आलं की नुसती टोचणी पुरत नाही. माझ्या समोर अंडं खावं लागेल. थोडं थोडं, देखरेखीखाली, इंजेक्शन हाताशी ठेवून. मग मी लिहून देईन. मी लगेच म्हणालो, "अहो ते कसं शक्य आहे? ही माळकरी. बेकरीतलं बिस्किटसुद्धा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय –"

"खाईन," सरोज म्हणाली.

आश्लेषाने तिच्याकडे बघितलं. मीपण बघितलं. गळ्यात तुळशीची माळ, लग्नाच्या आधीपासूनची, तिच्या वडिलांनी घातलेली. माळ असताना अंडं म्हणजे माळ उतरवायची. आणि उतरवलेली माळ स्वतःची स्वतः परत घालत नाहीत. वडील तर नाहीत.

"कधी येऊ?" तिनेच विचारलं. सोमवारी.

आता खरं. दुसरीकडे कुठे लिहू?

त्या दिवशी मी फक्त "नहीं चलता" म्हणालो नव्हतो. नर्सने पुढे विचारलं होतं. नीट विचारलं होतं. "खा लें तो क्या होता है?" रांगेत नैरोबीला निघालेला एक सरदारजी, त्याची बायको, दोन कॉलेजची पोरं, सगळे कंटाळून बसलेले. आणि मला विनोद सुचला. मी म्हणालो, "खा लिया तो ये बचेगी नहीं जी! हम बचपन से देख रहे हैं." सरदारजी खो-खो हसला. पोरंही हसली. मला बरं वाटलं. आमच्या विभागात माझ्या तासाला मुलं हसायची, तसंच वाटलं. ती मुलगी हसली नाही. तिने लिहून घेतलं. तिचं कामच ते.

सरोजने ऐकलं नसावं. गर्दीत तिला कमी ऐकू येतं हल्ली.

१७ जानेवारी

सरोजला सांगायचं ठरवलं होतं. देवापाशी बसली होती, वेळ बरी नव्हती.

१९ जानेवारी, सोमवार

आज विमान होतं. त्याऐवजी अंडं.

नऊ वाजता पोचलो. पातळ पडद्यामागे एक खाट, त्यावर सरोज. दंडाला प्रेशरचा पट्टा, बोटाला चिमटा. स्टीलच्या ताटलीत उकडलेलं अंडं, सोललेलं, सुरीने तुकडे केलेलं. पहिला तुकडा मोहरीएवढा.

तिने माळ काढली. डोक्यावरून काढताना केसांत अडकली. मी हात पुढे केला, पण तिने स्वतःच सोडवली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. गळ्यावर माळेचा पांढुरका वळ राहिला आहे, चाळीस वर्षं ऊन न लागलेला.

पहिला तुकडा तिने डोळे मिटून गिळला. पंधरा मिनिटं. मग वाटाण्याएवढा. पंधरा मिनिटं. चौथ्या वेळी पिवळा बलक होता. तो टाळूला चिकटला असावा, कारण तिने विचारलं, "थोडं मीठ आहे का?" आश्लेषाने कुठून तरी पुडी आणून दिली. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. मला उमासा आला. मला! मी कॉलेजात असताना मिरजेच्या स्टेशनबाहेर चोरून आमलेट खाल्लेलं आहे, एकदा नाही, दहादा. हे सरोजला आजपर्यंत माहीत नाही.

दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. ना सूज, ना धाप. आश्लेषाने पत्र लिहिलं, सही-शिक्का केला, आणि सरोजच्या पाया पडली. का ते मला कळलं नाही. सरोजलाही नसावं, ती एकदम मागे सरकली.

घरी आल्यावर तिने अंघोळ केली. माळ परत घातली नाही. हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून देवघरात ठेवली. मी चहा केला. "नको," म्हणाली.

२० जानेवारी

ईश्वरीचा फोन, फक्त आवाज. व्हिडिओ नको म्हणाली. अपूर्व कालपासून गुलूला गेलाय, उत्तरेला, चार दिवस.

"थोड़ा सिर में दर्द है आई, बस. रात से. नींद नहीं हुई ना, इसलिए."

फोन ठेवल्यावर सरोज म्हणाली, "ती हिंदीत बोलली."

मी म्हणालो, "डोकं दुखतंय तिचं. भाषा काय घेऊन बसलीस!"

सरोजने परत फोन लावला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा म्हणाली. "परसों की अपॉइंटमेंट है आई, पक्का जाऊँगी." शेजारच्या बाईचा नंबर मागितला. "देती हूँ बाद में." दिला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

लस झाली! डाव्या दंडात.

तीच नर्स. माझी तक्रार तिच्यापर्यंत पोचलेली दिसते. मला ओळखलं, पण नमस्कारसुद्धा केला नाही. नवा फॉर्म काढला आणि सरोजसमोर स्टूल ओढून बसली. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "अंकल जी, आप बाहर बैठिए. आंटी जी खुद बताएँगी."

दाराबाहेरून ऐकत होतो. सरोजचं हिंदी तोडकंमोडकं, पण सगळी उत्तरं दिली. कुठल्या साली कावीळ झाली होती तेसुद्धा. मलाच आठवत नव्हतं. मग ती मुलगी म्हणाली, "आंटी जी, मुझसे लिखवा लिया है जवाब में कि आगे से ध्यान रखूँगी. मैंने तो वही लिखा था जो अंकल जी ने बोला." सरोज काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. इतक्या हळू बोलली.

मला आत जाऊन एक वाक्य बोलता आलं असतं. बेटा, तुझी चूक नव्हती. एवढंच! पाय उचलले नाहीत. दुखणं नव्हे – नुसते उचलले नाहीत.

कार्ड पिवळं, पासपोर्टएवढं. ३१ जानेवारीपासून लागू. लगेच ३१चं तिकीट काढलं. ईश्वरीला मेसेज टाकला. उत्तर आलं, "पक्का ना?" मी लिहिलं, पक्का.

२२ जानेवारी

ईश्वरी गेली.

२३ जानेवारी

लिहितो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल सकाळी घरात एकटी होती. झटके आले. शेजारच्या बाईला काहीतरी पडल्याचा आवाज आला, तिने दार उघडवलं, गाडीत घातलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत आणखी दोनदा झटके. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी आहे. दोन किलो दोनशे. काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास स्वतःचा घेतेय. ईश्वरी शुद्धीवर आलीच नाही. अपूर्व गुलूहून निघाला, पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. आम्हाला त्याचा फोन दुपारी तीनला. तो बोलूच शकत नव्हता, मागून कुणीतरी परका माणूस इंग्रजीत सांगत होता.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, डोकं दोन दिवस दुखत होतं, घरात कुणी नव्हतं का?

सात तारखेला लस मिळाली असती तर सरोज वीस तारखेला तिथे असती. पायाची सूज बघून, आवाज ऐकून, तिला उचलून नेलं असतं. सरोजने नेलंच असतं. ती फोनवर भाषा ऐकून ओळखत होती.

आज तिथेच दहन झालं. फोनवर बघितलं. सरोजने फोन हळिवाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, हातात धरवेना म्हणून. नेट मध्ये मध्ये अडकत होतं. एकदा चित्र थांबलं ते अपूर्वच्या पाठीवरच थांबलं, बराच वेळ.

सरोज रडत नाही. मी रडतो.

२४ जानेवारी

सकाळी एजंटकडे गेलो. आजचं, उद्याचं, कुठलंही तिकीट दे म्हटलं. त्याने माझ्यासमोर व्हिसाचा अर्ज भरला. पोचण्याची तारीख कार्डाच्या आधीची टाकली की पान पुढेच सरकत नाही. तीनदा केलं. एजंट म्हणाला, "सर जी, मैं समझता हूँ. पर दस दिन तो दस दिन." त्याने चहा मागवला. मी तिथे त्याच्या खुर्चीत बसून रडलो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, अनोळखी माणसासमोर, पोरासारखा.

गिल साहेबांच्या घरून डबा आला. सरोजने परत पाठवला नाही, पण उघडलाही नाही.

संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा, सुबोधचा सांगलीहून फोन. "दादा, दहावा कधी येतो?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. परत मोजलं. बोट एकतीसवरच येतं. तिथे आधीच माझ्या हाताने लाल गोल केलेला आहे – सरोजचं विमान.

२६ जानेवारी

लसकेंद्राला पत्र लिहिलं. चार ओळी. नर्सने मी जे सांगितलं तेच लिहिलं होतं, मी थट्टेत बोललो होतो, चूक पूर्ण माझी आहे, तक्रार मागे घेतो, त्या मुलीच्या नोंदीत हे पत्र लावावं. या वेळी भाषा सजवली नाही.

टपालात टाकायला गेलो तर पोस्ट बंद. सव्वीस जानेवारी. विसरलोच होतो. खाली सोसायटीत झेंडा, लाऊडस्पीकर, मुलं बुंदी खात होती.

२७ जानेवारी

केंद्रावर जाऊन पत्र हातोहात दिलं. बुधवार नव्हता, ती मुलगी नव्हती. आवक-जावकच्या कारकुनाने शिक्का मारला आणि विचारलं, "आंटी जी चली गईं बेटी के पास?" मी हो म्हणालो.

२८ जानेवारी

सरोज बॅग उपसून बसली होती. मी दारात उभा राहिलो. बाळंतिणीचं वेगळं काढत होती. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, बाळंतशोप, पोट बांधायचा पट्टा. सगळं पलंगावर. बाळाचं तेवढं परत बॅगेत. दुपटी, टोपडी, वेखंड. बॅग अर्धीसुद्धा भरली नाही. ईश्वरीला आवडते म्हणून घेतलेली शेंगदाण्याची चटणी तिने बराच वेळ हातात धरली होती. मग ती पण बॅगेत घातली. अपूर्वसाठी असेल.

मी म्हटलं, "सरोज, एक सांगायचंय."

ती म्हणाली, "अंगात कणकण आहे थोडी. लसीची असेल. आठवडाभरानं येते म्हणाली होती ती नर्स." आणि कपाळावर हात धरून बसली.

मी पॅरासिटामॉल आणून दिली. पाणी दिलं. सांगितलं नाही.

परतीचं तिकीट कधीचं काढू विचारलं. "नका काढू," म्हणाली. बाळ पेटीतून निघायला महिना, मग अपूर्वची नोकरी, मग बघू. माझ्या गोळ्यांचा तक्ता तिने फ्रिजवर चिकटवलाय. सकाळ, दुपार, रात्र. भांडीवालीला सांगून ठेवलंय. गॅसच्या सिलेंडरचा नंबरही लिहिलाय. सहा महिन्यांचं पुरेल इतकं सगळं.

३० जानेवारी

उद्या ती जाणार. मला भीती वाटते. एकटं राहण्याची नाही – हे तसंच पोटात ठेवून राहण्याची. आणि तिला सांगितलं तर, आधीच लेक गेलेल्या बाईला मी आणखी काय काय द्यायचं?

सांगितलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

आज दहावा. कार्डही आजपासून लागू.

तिथे अपूर्वने केलं सगळं. मी इथे नुसती डोक्यावरून अंघोळ केली.

विमानतळाच्या दारात शिपायाने पासपोर्ट मागितला, माझ्याकडे बघून. सरोजने स्वतः पुढे केला. कार्ड त्यातच ठेवलं होतं. मी बॅग तिच्या हातात दिली आणि म्हणालो, सरोज, ते नर्सचं – ते मीच –

ती म्हणाली, "माहीत आहे मला. शेजारीच तर बसले होते. तुम्ही म्हणालात ना, खा लिया तो ये बचेगी नहीं." तिने पदर नीट केला. गळा मोकळाच होता.

"सगळे हसले. मीपण हसले होते."